‘लोकांची शी-शू काढायला जर्मनीला कशाला जायचं?’

सांगलीहून एका मुलीने विचारलंय: बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे, जर्मन भाषेच्या परीक्षांची ए२ पातळी झाली आहे, पुढची बी१ चालू आहे, कॉलेजात एनएसएसची शिबिरं केली आहेत. पदवीनंतर एक वर्ष जर्मनीत स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. बाबा म्हणतात, वर्ष फुकट जाईल. आई म्हणते, लोकांची शी-शू काढायला जर्मनीला कशाला जायचं? आणि तिचा स्वतःचा प्रश्न असा, की अशा वर्षाने माणूस खरंच घडतो, की हे नुसतं माहितीपत्रकांत छापण्यापुरतं असतं?

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यांनीच विचारलाय. हो, शी-शू काढावी लागते. मी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात दिव्यांगांच्या एका निवासी संस्थेत काम करते. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांना शिकवणं आणि वर्षभर त्यांच्या पाठीशी उभं राहणं ही माझी जबाबदारी आहे. त्यांत महाराष्ट्रातली मुलंमुलीही असतात. त्यामुळे ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. ही गोष्ट न सांगता आणलेली मुलं पहिल्या महिन्यातच कोसळतात.

आपल्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं कोण करतं? सून, मुलगी, नाहीतर पगारावर ठेवलेली बाई. शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला ते सहसा येत नाही, आणि आलंच तर घरच्यांना चोरट्यासारखं होतं. त्यामागे बाई-पुरुष भेद आहे, जात आहे, पैसा आहे. ते सगळं इथे उलगडत बसत नाही. पण एवढं सांगते, की तुझ्या आईला हे काम हलकं वाटतं कारण आपण ते कुणालाही न शिकवता, न विचारता, गुपचूप कुणाच्या तरी गळ्यात घालत आलो. इथे ते शिकवलं जातं. पाण्याचा ऊनपणा आधी आपल्या मनगटावर बघायचा. अंगाचा वरचा भाग पुसताना खालचा भाग टॉवेलने झाकलेला ठेवायचा. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायची: ‘आता डावा हात उचलते, आता पाठ पुसते.’ समोरच्याला उत्तर देता येत नसलं तरी सांगायची. हे हातात बसायला दोनेक महिने लागतात. एकदा बसलं, की त्या मुलाच्या किंवा मुलीच्या वागण्यातली घाई कमी झालेली मला दिसते. कामाच्या वेळी दिसते आणि जेवणाच्या टेबलावरही.

आता ही व्यवस्था काय आहे ते थोडक्यात. १९५४ साली बव्हेरियातल्या नॉयएन्डेट्टेल्साउ इथल्या एका ख्रिस्ती सेवासंस्थेच्या प्रमुखांनी तरुण मुलींना आवाहन केलं, की आयुष्यातलं एक वर्ष रुग्णांच्या, वृद्धांच्या सेवेसाठी द्या. त्यातूनच पुढे ‘फ्रायविलिगेस झोत्सिआलेस यार’, म्हणजे स्वेच्छेने करायचं सामाजिक वर्ष, ही कल्पना रुजली आणि १९६४ मध्ये तिचा कायदा झाला. सगळे एफएसजे म्हणतात. २०११ मध्ये जर्मनीने सक्तीची लष्करभरती थांबवली. तोवर लष्कराला नकार देणारी मुलं दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत नागरी सेवा करत. ती सेवाही त्याबरोबर संपली. ती पोकळी भरायला सरकारने बीएफडी, म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा, सुरू केली. एफएसजेला २७ वर्षांच्या आत असावं लागतं, बीएफडीला वयाची वरची अट नाही. मुदत साधारण १२ महिने, काम पूर्णवेळ. १२ महिन्यांत किमान २५ दिवस प्रशिक्षण-शिबिरांचे असतात आणि ते कामाचे दिवस म्हणूनच धरले जातात. आरोग्यविमा आणि बाकीच्या सामाजिक विम्याचे हप्ते संस्था भरते. हातखर्चाला पैसे मिळतात. त्याची कायदेशीर कमाल मर्यादा २०२५ मध्ये महिन्याला ६४४ युरो होती, पण बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात त्याहून कमी देतात आणि राहणं-जेवणं संस्थेकडे असतं. यातून घरी पैसे पाठवता येतील ही आशा ठेवू नकोस. तेवढ्यात तुझं तुझं नीट भागेल.

परदेशातली स्वयंसेवा म्हटलं की आपल्याकडे गोऱ्यांनी येऊन आपल्याला मदत करायची, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. त्याला इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधल्या वेर्दंजवळ उद्ध्वस्त झालेलं एक गाव पुन्हा उभारायला वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकत्र आणलं. त्यांत जर्मनही होते, म्हणजे कालचे शत्रू. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था जन्मली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल बिहारमध्ये आले आणि आपल्या साथीदारांसह गावं पुन्हा वसवण्याच्या कामात मातीत राबले. आता सांगली-नाशिकची मुलं उलट दिशेने येतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. इथे येणारा स्वयंसेवक कुणाचा तारणहार नसतो. तो सगळ्यांत कमी भाषा येणारा, सगळ्यांत कमी कौशल्य असणारा, चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये कशी उलटी घ्यायची हेही विचारावं लागणारा माणूस असतो. कॉलेजात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांना हे फार जड जातं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त बदल त्यांच्यातच होतो.

एक उदाहरण सांगते. नाशिककडचा एक मुलगा, हुशार, कामाला वाघ. त्याच्या गटात पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्या बोलत नाहीत, हात थोडेसेच हलतात. हा सकाळी त्यांना पटापट तयार करायचा आणि बाकीच्यांच्या आधी नाश्त्याला आणायचा. त्याला वाटायचं, आपण किती छान काम करतोय. एका सकाळी आमच्या जुन्या सहकारी बाईंनी त्याला थांबवलं. कपाटातून दोन शर्ट काढले, एक निळा, एक फुलाफुलांचा, दोन्ही हातांत धरले आणि त्या बाईंच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. बराच वेळ काही झालं नाही. मुलगा सारखा घड्याळाकडे बघत होता. मग त्या बाईंची नजर निळ्यावरून फुलांच्या शर्टावर गेली आणि तिथेच राहिली. तोच घातला. त्या दिवशी त्या नाश्त्याला उशिरा पोचल्या. नंतर तो मुलगा मला म्हणाला, ‘मॅडम, इतके दिवस मी त्यांना रोज निळाच घालत होतो.’

शर्टासाठी एवढा वेळ का, असं त्याला वाटलं होतं, तसं कदाचित तुलाही वाटेल. याचं उत्तर आम्ही शिबिरात देतो, आणि ते वर्गात बसून देत नाही. आमच्या राज्यात श्वेबिश आल्पच्या पठारावर ग्राफेनेक नावाची जागा आहे. दिसायला सुंदर, झाडीत लपलेली. तिथे आधी दिव्यांगांचं निवासगृहच होतं. नाझी राजवटीने ते ताब्यात घेतलं आणि १९४० या एका वर्षात १०,६०० हून अधिक दिव्यांग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूने मारलं. आसपासच्या संस्थांमधून करड्या रंगाच्या बसमधून त्यांना आणलं जाई. कोणाला न्यायचं हे कागदावर ठरे, त्या माणसाला न बघता. आज तिथे स्मारक आहे. मी स्वयंसेवकांना तिथे घेऊन जाते. परत येताना गाडीत कोणी फारसं बोलत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करायला कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. या लोकांच्या वतीने सगळं काही दुसऱ्यांनीच ठरवलं, तेव्हा काय झालं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

हीच समज पुढे आपल्याकडेही उपयोगी पडते. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्येच मान्य केला, जर्मनीने २००९ मध्ये. आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. कागदावर आपण मागे नाही. पण हा कायदा एखाद्या घरात सकाळी सात वाजता कसा पाळायचा हे शिकलेली माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. परत गेलेल्यांपैकी काही जण विशेष शाळांत शिकवतात, काही जण समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळले, आणि एका मुलीने दुसरं काही न करता घरातल्या मतिमंद भावाला स्वतःच्या हाताने जेवायला शिकवलं. तिच्या आईला तो जेवायला तासभर घेतो याचा आधी राग यायचा.

आता भाषेबद्दल, पण व्याकरणाबद्दल बोलत नाही, ते क्लासमध्ये होईल. आपल्या मुलांची एक सवय इथे धोक्याची ठरते. मोठ्या माणसाने काही सांगितलं की मान डोलवून ‘हो’ म्हणायचं, कळलं नसलं तरी. घरी, कॉलेजात, ऑफिसात हे चालून जातं. इथे एखाद्याला गिळायला त्रास होतो म्हणून त्याचं पाणी घट्टसर करूनच द्यायचं असतं. तू न समजता ‘या, या’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, हो’, म्हणालीस आणि साधं पाणी दिलंस, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाकडून एक वाक्य घोटून घेते: मला समजलं नाही, पुन्हा सांगा. आपल्या मुलांना हे म्हणताना अक्षरशः घाम फुटतो. आपण मठ्ठ ठरू, असं वाटतं. सहा महिन्यांनी तीच मुलं डॉक्टरला मध्येच थांबवून प्रश्न विचारतात. औषधं वाटणं आणि इंजेक्शन देणं स्वयंसेवकाच्या कामात बसत नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवते. कुणी सांगितलं तर नाही म्हणायचं, आणि ते म्हणण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

कामाची पाळी संपताना नोंदवहीत लिहावं लागतं. ही गोष्ट बाहेरून क्षुल्लक दिसते, पण मला फार प्रिय आहे. नवीन मुलं लिहितात: ‘आज ते चिडले होते.’ मी ते खोडायला लावते. काय पाहिलंस ते लिही. ‘सव्वाचारला कप दोनदा ढकलला. खिडकी लावल्यावर थांबले.’ मग पुढच्या पाळीतल्या माणसाला कळतं, की त्यांना थंडी वाजत होती. माणसावर शिक्का मारण्याआधी काय घडलं ते बघायचं, ही शिस्त रोज लिहून लिहून अंगवळणी पडते. काही महिन्यांनी ही मुलं घरच्या भांडणांबद्दल फोनवर बोलतात, तेव्हा ‘बाबा असेच आहेत’ ऐवजी ‘बाबा त्या वेळी असं म्हणाले’ असं बोलू लागतात.

नोव्हेंबरबद्दल सांगायलाच हवं. ऑगस्ट-सप्टेंबरात येणाऱ्यांना इथला उन्हाळा भेटतो, सगळं हिरवंगार, रात्री साडेआठपर्यंत उजेड. नोव्हेंबरअखेर साडेचारला अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद. खेड्यातली संस्था असेल तर बस तासाने एक. दिवाळी होऊन गेलेली असते, फराळाचा डबा संपलेला असतो. या दिवसांत जवळजवळ प्रत्येक जण मला म्हणतो, की परत जायचंय. मी त्यांना कधी दटावत नाही. फक्त सांगते, की निर्णय जानेवारीच्या शेवटी घ्या, आणि तोवर रोज उजेडात अर्धा तास चालून या. मोठ्या शहरांत मराठी माणसं आहेत, गणपती बसतो, एखाद्या घरी पुरणपोळी मिळते, तिथे जरूर जा. पण पहिले तीन-चार महिने प्रत्येक सुट्टीला तिकडेच पळू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. तुझ्या सोबत राहणाऱ्या कोलंबियाच्या, जॉर्जियाच्या, मादागास्करच्या मुलींबरोबर एका स्वयंपाकघरात भात कुणी कधी लावायचा, कचरा कुणी टाकायचा यावरून वाद घालून बघ. ती भाषेची तालीम आहे आणि सोबतही.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. वंशभेद भेटतो. एखादा वृद्ध म्हणतो, हिने मला हात लावायचा नाही. कधी त्यामागे स्मृतिभ्रंश असतो, कधी नसतो. असं झालं तर गिळून बसायचं नाही. कामाच्या जागी तुझ्यासाठी एक मार्गदर्शक नेमलेली असते आणि स्वयंसेवकांच्या जागा आणि शिबिरं बघणाऱ्या संयोजक संस्थेत वेगळी संपर्क व्यक्ती असते. दोघींना सांगायचं, लेखी सांगायचं. दुसरी गोष्ट याहून अधिक वेळा घडते. कायद्याने स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा भरायची नाही. तो जादाचा हात असावा. पण काळजी घेणाऱ्या माणसांची इथे मोठी टंचाई आहे आणि काही ठिकाणी स्वयंसेवकाला सरळ पाळीत एकट्याला उभं करतात. अशा एका ठिकाणाहून आम्ही एका मुलीला मध्येच हलवलं होतं. जागा बदलून मागता येते, हे लक्षात ठेव. मुलाखतीतच विचार: माझ्या पाळीत प्रशिक्षित व्यक्ती कायम असेल का? रात्रपाळी आहे का? खोली एकटीची आहे का? गेल्या वर्षीच्या एखाद्या स्वयंसेवकाशी बोलायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला जी संस्था आढेवेढे घेते, तिथे जाऊ नकोस.

एजंटांबद्दल. एफएसजे किंवा बीएफडीची जागा विकत घ्यायची नसते. विमानाचं तिकीट, भाषेची परीक्षा, व्हिसाची फी हा खर्च बहुधा तुझा, आणि तेवढा धर. ‘जागा पक्की करून देतो’ म्हणून कुणी लाखाच्या गोष्टी करू लागलं, तर तिथून उठून ये. संयोजक संस्थांकडे थेट अर्ज करता येतो. याच्या उलट टोकाला दोन आठवड्यांच्या सशुल्क ‘सेवा सहली’ असतात. विशेषतः अनाथाश्रमांच्या सहलींपासून लांब राहा, मग त्या नेपाळच्या असोत वा कंबोडियाच्या. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून आईबाप असलेली मुलंसुद्धा आश्रमांत आणून ठेवण्याचे प्रकार तिथे उघड झाले आहेत, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांच्या ठरावात अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येऊन जीव लावून निघून जातो, त्या लेकरांचं काय होत असेल याचा विचार कर.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तुला आकड्यांत द्यावं लागेल, कारण ते आकड्यांत काळजी करतात. वर्षाच्या शेवटी तुझी भाषा बहुधा बी२ च्या आसपास असेल, हातात कामाचं प्रमाणपत्र असेल. इथे नर्सिंगचं व्यावसायिक शिक्षण तीन वर्षांचं आहे, पगारासह आहे, आणि एफएसजे करून त्याकडे वळणारे बरेच आहेत. तुझ्या मनात तेच असेल तर ते दडवून ठेवू नकोस. मुलाखतीत सरळ सांग, त्यात कमीपणा नाही. पण मनात फक्त तेच असेल आणि माणसांजवळ बसण्यात काही रस नसेल, तर दुसरी वाट शोध. ते वर्ष तुलाही जड जाईल आणि ज्यांच्यासाठी येशील त्यांनाही. तुला आयटीत किंवा बँकेत जायचं असेल, तर हे वर्ष बायोडेटात एक ओळ भरण्यापलीकडे थेट कामाचं नाही, हेही बाबांना खरं सांग. मला विचारशील तर तरीही यावं, पण तो माझा कल आहे, हिशोब नाही.

त्याआधी एक काम कर. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला आमटे कुटुंबाच्या संस्थेची श्रमसंस्कार छावणी भरते, तिथे जाऊन ये. नाहीतर सांगलीतल्याच एखाद्या वृद्धाश्रमात किंवा विशेष शाळेत तीन महिने, आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी जा. एनएसएसच्या शिबिरात सगळे मित्र सोबत असतात, गाणी असतात. वृद्धाश्रमात किंवा विशेष शाळेत तू एकटी असशील आणि काम तेच तेच असेल. तीन महिन्यांनी तिथे जायची वेळ झाली की पाय आपोआप निघतात का, ते बघ. अर्जातही याचाच उपयोग होईल.

स्वयंसेवेची ही वर्षं बहुधा ऑगस्ट किंवा सप्टेंबरात सुरू होतात, अर्ज आधीच्या हिवाळ्यात करायचे असतात. करार हातात आल्यावर मुंबईहून राष्ट्रीय व्हिसासाठी अर्ज होतो. त्यासाठी तीन-चार महिने राखून ठेव. अर्जासोबतच्या प्रेरणापत्रात, म्हणजे का यायचंय हे सांगणाऱ्या पत्रात, ‘मला लोकांची मदत करायला आवडते’ हे वाक्य लिहू नकोस, आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ते असतं आणि त्यावरून मला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. आजीला आंघोळ घातली असशील तर ते लिही. पहिल्यांदा किळस आली असेल तर तेही लिही, आणि मग तू काय केलंस ते लिही. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तरी चालतील. आणि पत्र पाठवायच्या आधी मराठीत करून आईला एकदा वाचून दाखव.